राजकन्येची मिशी

माझे वडील पन्नास वर्षं राजकन्या होते. वर्षातला एक महिना. उरलेले अकरा महिने ते कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचे आणि त्यांना मिशी असायची.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लहानपणी मी ते लपवायची फार खटपट केली आणि तिचा काडीचाही उपयोग झाला नाही. अख्खं गाव मांडवात बसून ज्याला गजरा माळताना बघतं, तो आपला बाप नाही असं कुणाला पटवणार?

आमचं गाव बारामतीहून वडगाव निंबाळकरकडं जाताना लागतं. चैत्रात यात्रा, आणि यात्रेत संगीत नाटक. दर वर्षी तेच. शाळेतल्या एका गुरुजींनी कुठल्याशा उन्हाळ्याच्या सुट्टीत ते लिहिलं आणि चालीही त्यांनीच लावल्या; म्हणजे निम्म्या भजनाच्या आणि निम्म्या लग्नाच्या बँडच्या. एकदा नाट्य मंडळानं दुसरं नाटक बसवायचं घाटलं होतं. पण आमच्याकडं पडदे दोनच, राजवाडा आणि अरण्य, आणि नव्या नाटकात पोलीस ठाणं होतं. बेत बारगळला.

गोष्ट अशी. राजाला एकच मुलगी. राज्यात पाणी नाही. राजा म्हणतो, शेजारच्या राजपुत्राशी लग्न कर, त्याच्याकडं नदी आहे. मुलीचं मन मात्र बसलंय एका पाणाड्यावर, म्हणजे हातातल्या काठीवरून जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्या माणसावर. पहिल्या अंकात चंद्रोदय, दुसऱ्यात अरण्य, तिसऱ्यात राजकन्या बापाचं घर सोडते आणि गाते, ‘दार लोटुनी घ्या हो बाबा, मागे वळणार नाही’. मग ती तीन पावलं टाकते, थांबते, आणि निघून जाते. पडदा. पुढं पाणाड्याला पाणी लागलं की नाही, ते गुरुजींनी सांगितलं नाही. आमच्या भागात ते कुणीच छातीठोक सांगत नाही.

नाटक दुपारी चारला सुरू होतं. शेतीची लाईट रात्री येते. गडीमाणसं उसाला पाणी द्यायला गेल्यावर नाटक बघणार कोण? त्यामुळं आमच्या राज्यात चंद्र साडेचारला उगवतो. पत्र्याच्या चकतीला चंदेरी रंग दिलाय, तो चैत्रातल्या उन्हात असा चमकतो की पुढच्या दोन रांगा डोळ्यांवर पदर घेतात. आणि खाली आबा, म्हणजे माझे वडील, घामानं निथळत गातात, ‘किती गार हे चांदणे’. त्यात कुणालाही आजवर काही वावगं वाटलेलं नाही.

मला वाटायचं. मी दहा वर्षांची होते आणि वर्गातल्या मुली विचारायच्या, “तुझी आई आज ट्रॅक्टरवर गेली का गं?” एकदा रडत घरी आले आणि आबांना म्हटलं, “तुम्ही राजा का होत नाही? दुसऱ्या कुणाचाही बाप राजाच झाला असता.”

आबा आरशात बघून भुवया कोरत होते. म्हणाले, “राजाला एकच गाणं हाय. त्येबी बसून.”

विषय संपला. त्या वर्षी मी तिन्ही अंक डोळे मिटून ऐकले, आणि डोळे मिटल्यावर लक्षात आलं की हा माणूस गातो बरं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सोळाव्या वर्षी मला माझं काम सापडलं. त्या साली राजाचा मुकुट घरी राहिला आणि पहिला अंक राजानं डोक्याला टॉवेल गुंडाळून काढला. दुसऱ्या दिवशी मी एक लाँग बुक घेतलं आणि यादी केली: मुकुट, चंद्र, काठी, आरसा, झोपाळा, पिना. त्यानंतर आमच्या नाटकात काहीही विसरलं गेलं नाही. जे यादीत असतं ते होतं, नसतं ते होत नाही. माझं सगळं तत्त्वज्ञान एवढंच आहे आणि त्यावर माझं बरं चाललंय. लग्न होऊन इंदापूरला गेले तरी यात्रेची यादी माझ्याकडंच राहिली.

लग्न ठरताना मात्र यादी तोकडी पडली.

मिशीचं असं होतं. आबा ती नाटकाच्या बरोबर एकवीस दिवस आधी काढायचे. एक दिवस आधी काढली तर वरचा ओठ पांढरा फटफटीत दिसतो. त्याला ऊन लागून चेहऱ्याचा रंग यायला तेवढे दिवस लागतात. तर मला बघायला इंदापूरचे पाहुणे आले ते नेमके यात्रेच्या दहा दिवस आधी. सात-आठ माणसं सतरंजीवर बसली. आबा डोक्याला टोपी घालून समोर आले. पाहुण्यांनी टोपी बघितली, सफाचट ओठ बघितला, आणि एकमेकांकडं बघितलं. बाप वारल्यावर मुलगा मिशी उतरवतो, हे कुणाला सांगावं लागत नाही.

मुलाच्या चुलत्यांनी हातातली पोह्याची बशी हळूच खाली ठेवली. गळा साफ करून म्हणाले, “वाईट झालं. कधी गेले वडील?”

आमचे आजोबा त्या वेळी गोठ्यात म्हशीला शिव्या घालत होते. त्या बाहेर स्पष्ट ऐकू येत होत्या.

“कोण गेलं?” आबांनी विचारलं.

“न्हाय, सुतक आसंल तर आमी नंतर येतो. आधी कळवायचं हुतं.”

पाहुणे उठायच्या बेतात. तेव्हा माझे मामा मध्ये पडले आणि त्यांनी सगळा उलगडा एका वाक्यात केला, “सुतक न्हाय हो पाव्हणं, दाजी राजकन्या हायत.”

त्यानंतर जी शांतता पसरली ती मी आतून, चहाचा ट्रे हातात धरून ऐकली. अशा वेळी मुलीनं कसं बाहेर यावं? आईकडं बघून शिकण्यासारखं नव्हतं. आई डोक्यावर गवताचा भारा असल्यासारखी चालते, भारा नसतानाही. माझ्यापुढं शालीन बाईचा नमुना एकच होता. मी मान खाली घातली, तीन पावलं टाकली, थांबले, आणि मग पुढं झाले. सासूबाईंना, तेव्हा त्या व्हायच्या होत्या, ते चालणं इतकं आवडलं की त्यांनी तिथंच होकार दिला. आता त्या मला नाटकी म्हणतात. दोन्ही वेळा त्यांचं बरोबरच होतं.

लग्नातही तेच. बँडमास्तर आमच्या नाटकात पेटी वाजवायचे; पाठवणीला त्यांनी न विचारता ‘दार लोटुनी घ्या’ची चाल काढली. मी जीपकडं तीन पावलं टाकली आणि सवयीनं थांबले. मागं वळून बघितलं तर आबांनी डोळे टिपायला फेट्याचा शेमला उचललेला, आणि तो धरलेला हुबेहूब पदरासारखा, दोन बोटांत, करंगळी बाहेर. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!” मी सासरच्या जीपमध्ये हसत चढले. तेही सासूबाईंच्या लक्षात आहे.

तेहेतिसाव्या वर्षी मी दोन बॅगा घेऊन माहेरी परत आले. इंदापूरच्या एका कॉलेजच्या कार्यालयात मला नोकरी लागली होती, आणि घरच्या बाईनं नोकरी करायची नाही, असं सासरी ठरलं होतं. मला न विचारता ठरलं होतं, हा माझा मुद्दा. निघताना मी उंबऱ्यात काय म्हणाले असेन ते ओळखा. चालीत नव्हते म्हणाले, एवढंच.

यात्रेचाच आठवडा होता. मी नेहमीप्रमाणे यादी घेऊन विंगेत उभी. तिसरा अंक आला. त्या साली आबांचा गळा असा लागला की ‘मागे वळणार नाही’ला चार वेळा वन्स मोअर आला. प्रत्येक वेळी आबा विंगेत यायचे, पाण्याचा घोट घ्यायचे आणि पुन्हा बापाच्या घरात जाऊन उभे राहायचे. म्हणजे राजकन्या त्या दुपारी पाच वेळा कायमची घर सोडून गेली आणि चार वेळा परत आली. मला हसू आवरेना. तिसऱ्या फेरीला आबा माझ्यापाशी थांबले, टोप सारखा केला आणि म्हणाले, “हसतीस काय? कापडाचं दार हाय. जाता येतंय, येताबी येतंय.”

आणि गेले परत, मागे न वळायला.

मी सोमवारी इंदापूरला परत गेले आणि मंगळवारी कामावर रुजू झाले. नवरा कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायला आला. सासूबाई दोन महिने बोलल्या नाहीत; ते दोन महिने घरात सगळ्यांना चांगले गेले.

आता या वर्षीचं.

आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. मागच्या यात्रेत चंद्रोदयाला ते झोपाळ्यावर बसले ते उठेनात. दोन दासींनी, त्यातली एक सोसायटीचा सचिव आहे, त्यांना काखेत धरून उभं केलं. दातांची कवळी नवी आहे, त्यामुळं ‘चांदणे’ म्हणताना शीळ वाजते. लोक हसले. आबांना वाटलं, नाटकावर हसले. मला खरं काय ते दिसलं, आणि मंडळालाही.

मंडळाचे अध्यक्ष माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत. त्यांचा फोन आला.

“ताई, औंदा खरी मुलगीच घ्यायची म्हनतोय. चौकात कुकर दुरुस्तीचं दुकान हाय त्या चाचांची नात. बारामतीला फार्मसीला हाय. गाती बी झकास.”

“घ्या की.”

“व्हय, पर आबांना...”

“आबांना काय?”

“तुमी सांगा. तुमचं ऐकत्यात ते.”

आबांनी माझं शेवटचं कधी ऐकलं, ते मला आठवत नव्हतं. तरी मी हो म्हटलं आणि यादीत नववा मुद्दा लिहिला: आबांना सांगणे. आठवा स्पीकरवाला होता, दहावा खुर्च्या. स्पीकरवाला झाला. मांडववाला झाला. पाण्याचा टँकर झाला. यादी मी दर आठवड्याला नव्यानं उतरून काढते. चार आठवडे चार याद्या झाल्या आणि नऊ नंबर चारही वेळा तसाच खाली उतरला. माझ्या लाँग बुकांत असं कधी झालेलं नाही. मी बायकांचे मेळावे पार पाडलेत, परीक्षेच्या दिवशी पेपर कमी पडले तर निभावलंय. पण पन्नास वर्षांच्या राजकन्येला ‘आता पुरे’ कसं सांगतात, हे मला माहीत नव्हतं.

शेवटी हिशेब केला की आबा एकवीस दिवस आधी मिशी काढतात, तर बाविसाव्या दिवशी तरी गाठलं पाहिजे. रविवारी सकाळच्या एसटीनं निघाले.

आबा ओसरीवर उन्हात बसले होते, तोंड वर करून, डोळे मिटून. ओठ सफाचट.

“कधी काढली?” मी उभ्या उभ्याच विचारलं.

“आठ दिस झालं. आता कातडीला रंग धरायला येळ लागतो. म्हातारी झाली ती.” ती म्हणजे कातडी की राजकन्या, हे मी विचारलं नाही.

आई दारात भाजी निवडत होती. ती म्हणाली, “सकाळपास्नं उन्हात बसलाय ह्यो बाबा. पापडावानी.”

मी खुर्ची ओढली, वही उघडली. मला एकच पद्धत येते. एक नंबरपासून वाचायला सुरुवात केली. आबा प्रत्येक मुद्द्याला मान हलवत होते. सात झालं, आठ झालं. मग मी त्याच आवाजात वाचलं, “नऊ. राजकन्येचं काम चाचांची नात करणार. मंडळानं ठरवलंय. मलाही तेच बरोबर वाटतं.”

शेवटचं वाक्य यादीत नव्हतं. पण मंडळाच्या आड लपणं बरं दिसेना.

आईचा हात थांबला. आबांनी डोळे उघडले नाहीत. ऊन त्या कोऱ्या ओठावर होतं. मग ते म्हणाले, “धा नंबर काय हाय?”

“पाहुण्यांना खुर्च्या. आठ.”

“बारा सांग. मागच्या साली शाळंच्या बाई हुब्या हुत्या.”

मी आठाचे बारा केले आणि नवापुढं खूण केली. ती खूण करताना जितकं वाईट वाटलं तितकं ती न केलेल्या चार आठवड्यांत वाटलं नव्हतं.

त्यानंतर आबा घराबाहेर पडेनात. तोंडाला उपरणं बांधून बसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे दाढ दुखते. कवळीतली दाढ दुखत नाही, हे गावाला कळत होतं, पण गाव बोललं नाही. बोलली ती आई. फोनवर मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, “आता कुनाला लाजताय? सारं गाव तुमाला नऊवारीत बघून बसलंय.”

तुम्ही म्हणाल, राजा करायचं त्यांना. अध्यक्ष विचारायला गेले होते. “राजाला एकच गाणं हाय,” आबा उपरण्यातून म्हणाले.

इकडं तालमीत वेगळंच त्रांगडं झालं. पोरगी गायला सुरेख, पाठांतर चोख. पण रंगमंचावर यायला लागली की सगळे अस्वस्थ. ती आपली सरळ चालत यायची, फार्मसीच्या तासाला निघाल्यासारखी. दिग्दर्शकांनी तिला पाच वेळा परत पाठवलं. मी तिथंच होते.

“आगं, बाईवानी चाल की जरा,” दिग्दर्शक वैतागून म्हणाले.

“मी बाईच हाय की ओ.”

दिग्दर्शकांनी मागं बसलेल्या बायकांकडं बघितलं. बायकांनी माना हलवल्या. एक म्हातारी म्हणाली, “न्हाय बया. राजकन्या आशी न्हाय चालत.”

ती कशी चालते ते सगळ्यांना माहीत होतं. आमच्या गावानं राजकन्या एकच बघितली होती, आणि ती ट्रॅक्टर चालवायची.

दुसऱ्या दिवशी पोरगी चाचांच्या स्कूटरवर मागं बसून आमच्या घरी आली. मी तिच्याबरोबर होते, पण मध्ये बोलायचं नाही असं ठरवून. ती ओसरीखाली उभी राहिली आणि म्हणाली, “आबा, मला बाई व्हायला शिकवा. ह्यांना मी पटंना.”

आबांनी उपरणं सोडलं. आठवड्याभराची पांढरी खुरटी मिशी बाहेर आली.

“चाल बघू,” ते म्हणाले. ती चालली.

“आसं तर हिबी चालती,” आईकडं बोट.

“मी तुमच्यावानी चालले असते तर म्हशी उपाशी मेल्या असत्या,” आई म्हणाली.

आबा उठले. गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला. “तीन पावलं टाक. थांब. का थांबलीस?”

“तुमी सांगितलं म्हणून.”

“न्हाय. तिला वाटतंय, मागनं कुणीतरी हाक मारंल. म्हणून थांबती.”

“मग मारतं का कुणी?”

आबांनी विचार केला. “पन्नास वर्सांत कुणी मारली न्हाय,” ते म्हणाले. “पर थांबायचं.”

मी आत पाणी प्यायला गेले. तहान नव्हती.

नाटकाच्या दिवशी त्यांनी तिला नऊवारी नेसवली. तिनं आत लेगिन्स घातल्या होत्या आणि वरून आबांनी काष्टा घातला. तो असा घालतात की उडी मारली तरी सुटत नाही. ही कला गावात आता त्यांच्याकडंच आहे. दोन ओठांत पिना, त्यांच्यावर अर्धवट मिशी. बाहेर चंद्र तळपत होता, पुढच्या रांगेनं पदर घेतला होता, बाराच्या बारा खुर्च्या भरल्या होत्या.

तिसरा अंक. पोरगी गायली, मांडव गप्प झाला. तिनं तीन पावलं टाकली आणि थांबली. बरोबर तसंच. माझ्या शेजारी विंगेत उभ्या असलेल्या आबांचाही एक पाय पुढं पडून थांबला होता. आणि तेवढ्यात त्यांना दिसलं की काष्ट्याची पिन निसटलीय.

“थांब गं पोरी!” ते ओरडले.

वर टांगलेल्या माइकनं ते अख्ख्या मांडवाला ऐकवलं. राजकन्या मागं वळली. आबा तसेच पायजम्यात, खुरट्या मिशीनिशी रंगमंचावर गेले, तिच्या मागं गुडघ्यावर बसले, पिन लावली, पदर सारखा केला, आणि म्हणाले, “जा आता.”

ती गेली. मग मागच्या रांगेतून आरोळी आली, “वन्स मोअर!” आणि सगळा मांडव उठला.

पेटी पुन्हा सुरू झाली. पोरगी परत राजवाड्यात गेली, पुन्हा गायली, पुन्हा तीन पावलं टाकली आणि थांबली. या वेळी पिन जागेवर होती. पोरगी थांबूनच राहिली. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी यादीकडं बघितलं. तिच्यात याबद्दल काही नव्हतं. म्हणून मी नुसती मान हलवली.

“थांब गं,” आबा म्हणाले. या वेळी हळू. माइकलाही नीट ऐकू गेलं नसेल. पण ती वळली.

पडदा पडल्यावर लोक भेटायला आले, आबांनी कुणाकडं लक्ष दिलं नाही. ते खाली वाकून रंगमंचावर पडलेल्या पिना गोळा करत होते. मोजून झाल्यावर माझ्यापुढं हात केला.

“दोन कमी पडल्या,” म्हणाले. “लिहून ठेव.”

मी लिहून ठेवलं.